इस्रायलमधली जमीन, जंगल आणि जगभरच्या ज्यूंचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. आजीच्या फडताळात शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्याशेजारी पत्र्याची एक निळी डबी असायची. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी आजी तीत एक नाणं टाकायची आणि आम्हा पोरांच्या हातातही एकेक ठेवायची. "तिकडच्या झाडांसाठी," एवढंच सांगायची. आता घरातली अर्धी माणसं इस्रायलमध्ये, डिमोना आणि अश्दोदला आहेत. इथे राहिलेल्या आम्हाला भाचरं विचारतात, शेजारी विचारतात, ऑफिसातले मित्रही विचारतात, आणि २०२३ च्या गाझा युद्धानंतर तर फारच. दर वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवावं, म्हणून हे पान.

ही निळी डबी नेमकी कसली?

केरेन कायेमेत लेइस्राएल या निधीची. इंग्रजी बोलणारे तिला ज्यूइश नॅशनल फंड किंवा नुसतं जेएनएफ म्हणतात. डिसेंबर १९०१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पाचवी झायनिस्ट काँग्रेस, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं घर व्हावं म्हणणाऱ्यांची परिषद, भरली, तिथे हा निधी स्थापन झाला. कल्पना मूळची हर्मान शापिरा यांची. ते हायडेलबर्ग विद्यापीठात गणित शिकवायचे. जगभरच्या ज्यूंनी थोडे थोडे पैसे काढावेत, त्यातून जमीन घ्यावी आणि ती कुणा एकाच्या मालकीची न होता सगळ्या समाजाची राहावी, असं त्यांचं म्हणणं होतं. निधी उभा राहण्याआधीच, १८९८ मध्ये, ते वारले. पहिला कारभार व्हिएन्नामध्ये विजेच्या दिव्यांचा कारखाना चालवणाऱ्या योहान क्रेमेनेत्स्की यांनी पाहिला.

डबीची युक्ती मात्र तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या गॅलिशिया प्रांताच्या एका बँक कारकुनाची, हाइम क्लाइनमान यांची. त्यांनी आपल्या कचेरीत एक डबी ठेवली, तीत बऱ्यापैकी पैसे जमले, आणि मग वर्तमानपत्राला पत्र लिहून हे घरोघर करा असं सुचवलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा सुमारे दहा लाख डब्या ज्यू घरांतून होत्या, असं संस्था सांगते. श्रीमंताच्या एका चेकपेक्षा गरिबाच्या आठवड्याच्या नाण्यावर ही संस्था उभी राहिली, आणि आजही तिच्याविषयी लोकांना जी माया वाटते ती त्यामुळेच. नाणं टाकणाऱ्या मुलाला ते आयुष्यभर आठवतं. मला आठवतं.

लांबून पैसा पाठवायची पद्धत तेव्हाच सुरू झाली का?

नाही, ती कितीतरी जुनी. जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद आणि तिबेरियास या चार पवित्र गावांत धर्माभ्यास करणाऱ्यांसाठी शतकानुशतकं परदेशातून पैसा जायचा. त्याला हलुका म्हणत. तिथून दूत निघायचे आणि देशोदेशीच्या सिनेगॉगांतून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांतून, वर्गणी गोळा करायचे. एकोणिसाव्या शतकात त्याचं रूप बदललं. न्यू ऑर्लिन्सचे व्यापारी जुडा टूरो यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून मोझेस माँटेफिओरी यांनी १८६० मध्ये जेरुसलेमच्या तटाबाहेर मिश्केनोत शाअनानिम ही वस्ती बांधली. पुढे १८८२ पासून पॅरिसचे बॅरन एडमंड द रॉथशिल्ड रिशोन लेझियोन, झिख्रोन याकोव्ह अशा शेतकरी वसाहती जगवत राहिले. पैसा त्यांचा, म्हणून हुकूमही त्यांच्याच कारभाऱ्यांचा, आणि त्यावरून शेतकऱ्यांशी खटके उडायचे. सगळ्यांच्या नाण्यांचा निधी हवा हा विचार त्यामुळेही जोर धरू लागला.

केरेन कायेमेत, केरेन हायेसोद, ज्यूइश एजन्सी, इस्रायल बाँड्स... हे सगळं एकच ना?

नाही, आणि गोंधळ इथेच होतो.

केरेन कायेमेतचं काम जमीन घेणं, आणि पुढे जंगल नि पाणी. केरेन हायेसोद १९२० मध्ये लंडनमध्ये स्थापन झाला. जमीन घेतल्यावर तिथे माणसं आणायची, घरं, गुरं, अवजारं, शाळा उभ्या करायच्या, हा त्याचा खर्च. ज्यूइश एजन्सी १९२९ ची, ती हा पैसा प्रत्यक्ष कामाला लावणारी. अमेरिकेत १९३९ पासून युनायटेड ज्यूइश अपील नावाची मोठी एकत्रित वर्गणी निघू लागली. जानेवारी १९४८ मध्ये, पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर याच यंत्रणेच्या दारात गेल्या आणि युद्धाच्या तोंडावर सुमारे ५ कोटी डॉलर उभे करून परतल्या.

बाँड्स म्हणजे दान नव्हे. ते इस्रायल सरकारला दिलेलं कर्ज, व्याजासकट परत मिळणारं. तेव्हाचे पंतप्रधान बेन गुरियन यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्याची सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतली जेएनएफ, ब्रिटनमधली जेएनएफ आणि जेरुसलेममधली केरेन कायेमेत या नात्यातल्या असल्या तरी कायद्यानं वेगवेगळ्या संस्था आहेत. एकीचा निर्णय दुसरीवर बांधील नसतो. पैसे देताना पावतीवर कोणाचं नाव आहे ते पाहा.

जमीन विकत घेतली की बळकावली?

१९४८ च्या आधीची गोष्ट वेगळी, नंतरची वेगळी. दोन्ही एका वाक्यात कोंबल्या की नुसतं भांडण होतं.

आधी जमीन पैसे मोजून घेतली गेली, आणि भाव बहुतेकदा चढाच होता. सगळ्यात गाजलेला व्यवहार इज्रएलच्या खोऱ्याचा. ते खोरं बैरुतमध्ये राहणाऱ्या सुर्सॉक घराण्याच्या नावावर होतं. येहोशुआ हान्किन यांनी वर्षानुवर्षं खेपा घालून १९२० च्या सुमारास तो सौदा जमवला. तिथेच १९२१ मध्ये एन हारोद हा किबुत्स (सामाईक मालकीची शेतवसाहत) आणि नहलाल हे सहकारी गाव वसलं. नहलालचा नकाशा चाकासारखा गोल आहे. मधोमध सामाईक इमारती, भोवती घरं, आणि घराघरामागून बाहेर पसरत गेलेली शेतं.

पण त्या जमिनी कसणारी अरब कुळं होती. पैसे बैरुतला पोचले. कुळांच्या हातात थोडीफार भरपाई आली, काहींना तीही धड मिळाली नाही, आणि गाव सोडावं लागलं. कोकणातल्या वाचकाला हे फोडून सांगायला नको. खोत शहरात, कूळ बांधावर, आणि एके दिवशी कळतं की जमीन तिसऱ्याच्याच नावावर झाली. कागद चोख होता म्हणून त्या घरातल्या चुलीचं दुःख कमी होत नाही. एमेक हेफेरची, म्हणजे वादी हवारिथची, जमीन १९२९ मध्ये कॅनडातल्या ज्यूंच्या वर्गणीच्या भरवशावर घेतली. तिथल्या बेदखलीचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालले.

एवढं करून १९४८ पर्यंत केरेन कायेमेतकडे नऊ लाख दुनमांहून थोडी जास्त जमीन होती. दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपल्याकडचे जवळजवळ दहा गुंठे. सगळ्या पॅलेस्टाइनच्या मानानं हे साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

मग १९४८ चं, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळचं युद्ध झालं. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी पळाले किंवा हाकलले गेले, आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. १९५० च्या कायद्यानं त्यांची मालमत्ता 'गैरहजर मालकांची' ठरली. त्या जमिनींपैकी वीस लाखांहून जास्त दुनम सरकारनं १९४९ आणि १९५० मध्ये दोन टप्प्यांत केरेन कायेमेतला विकल्या. म्हणजे आज संस्थेच्या नावावर असलेल्या जमिनीतला मोठा हिस्सा डबीतल्या नाण्यांनी मूळ मालकाकडून घेतलेला नाही. हे आमच्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला चाळिशीत कळलं, आणि कळल्यावर दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं.

मी पैसे दिले तर तिथे माझ्या नावावर जमीन होते का?

नाही. 'जमीन कायमची विकू नये' हे तोरातलं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातलं, वचन (लेवीय २५:२३) संस्थेनं धरून ठेवलं. त्यामुळे ती विकत नाही, भाडेपट्ट्यानं देते, पारंपरिक मुदत ४९ वर्षं. इस्रायलमधली सुमारे ९३ टक्के जमीन अशी सार्वजनिक आहे. त्यातली सुमारे १३ टक्के केरेन कायेमेतची, बाकीची सरकार आणि सरकारी विकास प्राधिकरणाची. १९६० पासून सगळ्याचा कारभार एकाच सरकारी खात्याकडे आहे. सातबारावर नाव लावून घेण्याची आपली सवय तिथे उपयोगी पडत नाही. माझ्या मामेभावाचा डिमोनातला फ्लॅटही पट्ट्याच्याच जमिनीवर आहे, आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

ती जमीन अरब नागरिकाला मिळते का?

संस्थेची भूमिका अशी की हा पैसा ज्यूंनी ज्यूंसाठी दिला. टीकाकारांचं म्हणणं असं की कारभार सरकार पाहतं, मग नागरिकानागरिकांत फरक कसा करता येईल? कात्सिर नावाच्या वस्तीत एका अरब जोडप्याला प्लॉट नाकारला गेला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये सांगितलं की सरकारनं ज्यूइश एजन्सीच्या आडून असा भेद करायचा नाही. ती जमीन सरकारी होती. केरेन कायेमेतच्या जमिनीचा प्रश्न २००४ मध्ये कोर्टात गेला, आणि २००५ मध्ये ॲटर्नी जनरलनी तोडगा काढला: जमीन सर्वांना खुली ठेवायची, आणि बिगरज्यूला गेली तर तेवढीच दुसरी जमीन सरकारनं संस्थेला द्यायची. कागदावर वाट निघाली. मला हा तोडगा अपुरा वाटतो. देशाचा नागरिक देशाच्या कचेरीत अर्ज करतो, तेव्हा त्याचा धर्म हिशेबात येऊच नये.

झाडंच का लावतात एवढी?

सुरुवातीला झाड म्हणजे ताबा. लावलेली जमीन पडीक राहत नाही, आणि तिच्यावर दुसऱ्याला हक्क सांगणं अवघड जातं. शिवाय १९५० च्या दशकात लाखो ज्यू निर्वासित आले, त्यांना रोजगार हवा होता. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखी हजारो माणसं टेकड्यांवर खड्डे खणत होती. आणि तिसरं कारण स्मृतीचं. होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, मारल्या गेलेल्या साठ लाखांसाठी जेरुसलेमजवळ १९५१ पासून साठ लाख झाडांचं हुतात्मा वन उभं राहिलं. परदेशात कुणी वारलं, कुणाचं लग्न झालं, कुणाला बाळ झालं की एक झाड. अमेरिकेत एका झाडाचे बरीच वर्षं १८ डॉलर घेत, कारण हिब्रूत 'हाय', म्हणजे जिवंत, या शब्दातल्या अक्षरांची बेरीज अठरा येते. आतापर्यंत २४ कोटींहून अधिक झाडं लावल्याचं संस्था सांगते.

टू बिश्वात हा झाडांचा सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा तिकडे शाळेची मुलं रोपं घेऊन बाहेर पडतात. आम्ही बेने इस्राएल तोच दिवस अलिबागजवळच्या खंडाळ्यात साजरा करतो. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा रथ जिथून आकाशात गेला अशी श्रद्धा आहे, त्या खडकापाशी जातो आणि मालिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, आणि भोवती फळं मांडलेली. फळांचे आशीर्वाद म्हणताना आजी खजूर सगळ्यात आधी उचलायची.

ही जंगलं निसर्गाच्या दृष्टीनं चांगली का?

सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही.

यातीरचं जंगल मी पाहिलं आहे. नेगेव्ह वाळवंटाच्या कडेला आहे, १९६४ पासून लावलेलं, ३० हजार दुनमांच्या आसपास. पाऊस वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर. ठाण्यात जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडतो तेवढा. मामेभावानं गाडी थांबवली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्त्याच्या एका बाजूला उघडी पिवळट माती, दुसऱ्या बाजूला अंतर राखून उभे पाइन. आत शिरल्यावर पायाखाली वाळल्या सुयांचा थर करकरतो आणि राळेचा वास येतो. नेगेव्हात ओढ्या-ओघळींवर मातीचे बांध घालून वाहून जाणारं पाणी अडवतात आणि त्या खोलगटात झाडं लावतात. त्याला लिमान म्हणतात. आपल्याकडच्या पाणलोटाची कामं केलेल्या माणसाला बघताक्षणी ओळख पटेल. यातीरमध्येच वाइझमन संस्थेचे शास्त्रज्ञ २००० पासून मोजमाप करत आहेत. झाडं कार्बन शोषतात हे खरं. पण फिकट वाळवंटापेक्षा गडद पानं उन्हाची उष्णता जास्त धरतात, आणि ते नुकसान भरून निघायला अनेक दशकं लागतात, असं त्यांना आढळलं.

जुन्या लागवडीत एकाच जातीवर भर होता: अलेप्पो पाइन, तिकडे म्हणतात जेरुसलेम पाइन. खडकात तगतो, भराभर वाढतो, आणि भडाभडा जळतो. डिसेंबर २०१० मध्ये कार्मेल डोंगरावर वणवा लागला, त्यात ४४ माणसं गेली. त्यानंतर जळक्या भागात पुन्हा पाइन रांगेनं लावण्यापेक्षा जे आपोआप उगवतं ते येऊ द्यावं, ओक, कॅरोब, पिस्ता यांची मिसळ ठेवावी, या विचाराला बळ आलं. नेगेव्हातल्या मोकळ्या गवताळ मैदानांवर झाडं लावू नका, तिथले सरडे नि पक्षी उघड्या जमिनीचेच आहेत, असं इस्रायलमधले निसर्गप्रेमी आजही कळकळीनं सांगतात. मला त्यांचं पटतं.

चूक सुधारण्याचं एक उदाहरण सांगतो. उत्तर इस्रायलच्या गॅलिली भागातली हुला दलदल केरेन कायेमेतनं १९५० च्या दशकात उपसून शेती केली. तेव्हा तो मोठा पराक्रम वाटला होता. पुढे तिथली कुजट माती सुकून खचू लागली, आतून धुमसू लागली. १९९४ मध्ये एका भागात पुन्हा पाणी सोडलं. आज हिवाळ्यात तिथे हजारो क्रौंच उतरतात.

जंगलांखाली पॅलेस्टिनी गावं आहेत, हे खरं का?

खरं आहे. सगळ्या जंगलांखाली नाहीत, पण बऱ्याच आहेत.

लुब्या हे गॅलिलीतलं मोठं गाव १९४८ मध्ये रिकामं झालं. त्याच्या अवशेषांवरच्या लावी जंगलाचा काही भाग दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यूंच्या देणगीतून उभा राहिला. लात्रूनजवळचं कॅनडा पार्क कॅनडातल्या देणग्यांतून १९७० च्या दशकात झालं. त्या जागी इम्वास आणि यालो ही गावं होती. जून १९६७ मध्ये ती, आणि शेजारचं बेत नुबा, रिकामी करून पाडली गेली. पार्कात रोमन काळाच्या पाट्या होत्या, या गावांच्या नव्हत्या. झोखरोत या इस्रायली संघटनेनं कोर्टात पाठपुरावा केल्यावर कुठे त्या लागल्या. अशा ठिकाणी निवडुंगाच्या रांगा दिसल्या तर थांबून बघा. अरब शेतकरी शेताच्या कुंपणाला निवडुंग लावायचे. घरं पाडली तरी तो पुन्हा फुटतो.

नेगेव्हात हा प्रश्न जुना झालेला नाही. अल अराकीब या बेदुइन (मूळच्या भटक्या अरबांच्या) गावातली घरं जुलै २०१० मध्ये पाडली, लोकांनी पुन्हा उभारली, पुन्हा पाडली, असं दोनशेहून जास्त वेळा झालं. सरकार म्हणतं जमीन सरकारची. गावकरी म्हणतात आमची, बघा आमचं कब्रस्तान. जानेवारी २०२२ मध्ये ऐन टू बिश्वातच्या दिवसांत नेगेव्हातल्या बेदुइन वस्त्यांजवळ लागवड सुरू झाली, तेव्हा दगडफेक आणि धरपकड झाली.

कॅनडातल्या किंवा केपटाऊनमधल्या ज्या बाईनं आईच्या आठवणीसाठी झाडाचे पैसे भरले, तिच्या मनात कुणाचं गाव झाकायचं नव्हतं. माझ्या आजीच्याही नव्हतं. म्हणूनच तिला आधी सांगायला हवं होतं. कुठल्या डोंगरावर झाड लागणार, तिथे पूर्वी कोण राहायचं, हे विचारणं म्हणजे समाजाशी बेइमानी, असं आमच्यातले काही वडीलधारे मानतात. मी त्यांच्या पाया पडतो आणि तरी विचारतो.

माझा पैसा वेस्ट बँकेतल्या वसाहतींना जातो का?

जाऊ शकतो, संस्थेनुसार. वेस्ट बँक म्हणजे १९६७ च्या युद्धात इस्रायलनं ताब्यात घेतलेला पॅलेस्टिनी प्रदेश. हिमनुता नावाची केरेन कायेमेतची उपकंपनी १९३८ पासून आहे, आणि वेस्ट बँकेतले जमीनव्यवहार तिच्यामार्फत झाले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे उघडपणे जमीन घेण्याचा प्रस्ताव संचालकांपुढे आला, तेव्हा परदेशातल्या उदारमतवादी ज्यूंनीच मोठा विरोध केला. याखेरीज थेट वसाहतींसाठी पैसा जमवणाऱ्या वेगळ्या संस्था अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्या देणग्यांनाही करसवलत मिळते. या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाहीत असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जुलै २०२४ च्या सल्लामतातही म्हटलं. इस्रायल सरकारला ते मान्य नाही. कॅनडाच्या कर खात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या जेएनएफची धर्मादाय नोंदणी रद्द केली, त्याविरुद्ध संस्था कोर्टात गेली.

भारतातल्या ज्यूंचा यात वाटा किती?

पैशाच्या मानानं लहान. १८९७ च्या पहिल्या झायनिस्ट काँग्रेसचं बोलावणं मुंबईच्या बेने इस्राएलांना आलं होतं. परत जायचं ते देवाच्या इच्छेनं, असं म्हणून आपल्या लोकांनी ते नाकारलं. १९२० मध्ये मुंबईत झायनिस्ट असोसिएशन निघाली आणि वर्गणीसाठी परदेशातून दूत येऊ लागले. मोठ्या रकमा बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यू, व्यापारी घराण्यांकडून यायच्या. आमची माणसं रेल्वेत, गिरणीत, पलटणीत, कारकुनीत. त्यांच्याकडून डबीतली नाणी. १९४८ नंतर मात्र हजारो कुटुंबं स्वतःच गेली, बेरशेबा, डिमोना, लोद, अश्दोद अशा नव्या गावांत राहिली. तिथल्या काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा आंदोलन करून १९६४ मध्ये बरोबरीचा मान मिळवला. तिकडे आजही मराठी बोलली जाते, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघत आलं आहे.

भारतातून देणगी पाठवता येते का?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. बँकेत विचारा, पॅन लागतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जीची सूट नाही.

झाडावर माझं नाव असतं का?

नाही. प्रमाणपत्र मिळतं. दगडावर नावं कोरतात ती मोठ्या देणगीदारांची, राईच्या किंवा जंगलाच्या तोंडाशी. तुमचं झाड कुठलं ते दाखवता येत नाही. काही जंगलांत मात्र जाऊन आपल्या हातानं रोप लावू देतात.

घरात जुनी निळी डबी सापडली आहे. काय करू?

टाकू नका. कोकणातल्या दमट हवेत तळ आधी गंजतो, म्हणून कोरड्या फडक्यानं पुसा, तेल किंवा लिंबू लावू नका, डबीवर छापलेल्या नकाशाचा रंग उडतो. खाली किल्लीचं झाकण असतं. किल्ली नसेल तर जबरदस्ती करू नका, जुन्या कुलुपवाल्याकडे न्या. आमच्या डबीची किल्ली आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडली. आत एकोणीस नाणी होती, त्यात दोन भोकाचे पैसे.